‘तोच हा’ आणि शेजारी शेजारी नांदणारे दोन डेस्कटॉप

पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘तीच ही’ असे जे ज्ञान होते त्याला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे ‘तोच हा देवदत्त’, हे तिचे ठरलेले उदाहरण आहे. नैयायिकांच्या मते या ज्ञानात पूर्वानुभवाचा संस्कार आणि आताचे प्रत्यक्ष एकत्र येतात व त्यातून वस्तूचे स्थैर्य सिद्ध होते. बौद्धांच्या मते वस्तू क्षणोक्षणी नवी असते आणि दिव्याच्या ज्योतीप्रमाणे केवळ सादृश्यामुळे ती एकच भासते. अद्वैत वेदान्ताने हेच वाक्य भागत्यागलक्षणेसाठी वापरले: ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’ हे परस्परविरोधी अंश सोडायचे व उरलेला देवदत्त तेवढा घ्यायचा. ही सारी चर्चा एक गोष्ट धरून चालते, ती ही की तेव्हाचा देवदत्त आताच्या देवदत्ताशेजारी उभा नाही.

संगणकावर मात्र तो उभा राहू शकतो. लिनक्स प्रणालीत खिडक्या, पट्ट्या, मेनू आणि फायली हाताळण्याचा प्रोग्रॅम यांचा जो संच पडद्यावर दिसतो त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. ग्नोम हा असाच एक संच. त्याची तिसरी आवृत्ती एप्रिल 2011 मध्ये आली तेव्हा खालची पट्टी गेली, खिडकी खाली दडवण्याचे बटणही नेहमीच्या जागेवरून गेले, आणि नाराज झालेल्यांपैकी काहींनी दुसऱ्या आवृत्तीचा कोड उचलून ‘माटे’ नावाचा प्रकल्प उभा केला. दोन्ही एकाच यंत्रावर बसवायचे तर अडचण होती: फाइलप्रणालीत एका पत्त्यावर एकच फाईल राहते, आणि दोघांच्याही फाइल-व्यवस्थापकाचे नाव नॉटिलसच होते. म्हणून माटेने नॉटिलसचे काहा केले, खिडक्या सांभाळणाऱ्या मेटासिटीचे मार्को, मजकूर लिहिण्याच्या जीएडिटचे प्लुमा, आणि अंतर्गत लायब्ररींचीही नावे बदलली. ज्याने रूप राखले त्याला नाव सोडावे लागले. ज्याने रूप सोडले त्याच्याकडे नाव राहिले.

थॉमस हॉब्जने 1655 च्या ‘डी कॉर्पोरे’ या ग्रंथात थीसियसच्या जहाजाविषयी हाच पेच मांडला होता. फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या फळ्या जपून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर दोन जहाजांपैकी मूळ कोणते? दोन्ही म्हणता येत नाहीत, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी असलेल्या वस्तू परस्परांहून भिन्न असतात, हे नैयायिकही मान्य करील. भागत्यागलक्षणाही येथे लंगडी पडते: काळाचा विरोध सोडून देता येतो, पण लॉगिनच्या पडद्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या दोन नावांचा भेद सोडून देण्याजोगा नसतो.

माटेची बाजू द्रव्यसातत्याची आहे, म्हणजे कोड तोच असल्याची. ग्नोमची बाजू परंपरेची आहे, म्हणजे तोच प्रकल्प पुढे चालू असल्याची. वापरणाऱ्याच्या सवयीला साक्षीदार मानले तर ती माटेकडे झुकेल, परंतु सवय ही प्रत्यभिज्ञेचे कारण आहे, प्रमाण नव्हे, आणि बौद्धांचा आक्षेप नेमका तेथेच लागू पडतो. शिवाय द्रव्यसातत्यही फार काळ टिकले नाही. खिडक्या व बटणे रेखाटणारी जीटीके ही लायब्ररी ग्नोम 2 मध्ये दुसऱ्या पिढीची होती. 2017 च्या 1.18 आवृत्तीत माटे पूर्णपणे तिसऱ्या पिढीवर गेला, म्हणजे ज्या फळ्या जपण्यासाठी वेगळे घर केले त्याही बदलल्या. (वापरणाऱ्याची कागदपत्रे तेवढी दोन्ही सत्रांत त्याच होम फोल्डरमध्ये जशीच्या तशी सापडतात, पण ती दोघांपैकी कोणाचाच अंश नव्हेत.)

तेव्हा ‘तोच हा’ हे विधान येथे दोघांनाही लागू पडत नाही, असाच निर्णय द्यावा लागतो. ग्नोम 2 ही मालिका सप्टेंबर 2010 च्या 2.32 आवृत्तीपाशी थांबली; आज शेजारी शेजारी चालतात ते तिचे दोन वारस.