एक ना धड?

सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'प्लॅन बी काय?' गंमत म्हणजे प्लॅन बी खरोखर असला, तर त्याच माणसांना तो आवडत नाही. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी रोज संध्याकाळी खो-खो खेळायला जाते. तिच्या माघारी ठरलेलं वाक्य येतं : 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' हे वाक्य मला खटकतं. ते खरं आहे का, हे एकदा तपासून पाहू.

मेरी डिसूझा वांद्र्याच्या. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्या १०० आणि २०० मीटर धावल्या. नीलिमा घोष आणि त्या, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उतरलेल्या या पहिल्या दोन भारतीय महिला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या फोकस्टनला मेरी भारताच्या हॉकी संघातून खेळल्या. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ बाय १०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींतही त्या होत्या.

हेलसिंकीत त्या पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. हॉकी नसती तर पुढे गेल्या असत्या? असतीलही. पण 'एकच काहीतरी धर' असं त्यांना सांगायचं, तर कुठलं एक? महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये यायला १९८० साल उजाडलं. धावण्यावर तेव्हा पोट भरत नव्हतं. ज्या गोष्टीकडे द्यायला काहीच नाही, तिने सगळं आयुष्य मागावं, याला निष्ठा म्हणायचं की वेठबिगारी? हा प्रश्न मला अभ्यासिकेतही पडतो. मोजक्या जागा, लाखो अर्ज, आणि अपेक्षा अशी की बाकी सगळं सोडून बसायचं.

आता जेमिमा रॉड्रिग्ज. शालेय वयात ती महाराष्ट्राकडून हॉकीही खेळली, मग क्रिकेट निवडलं. २०२२ च्या विश्वचषक संघातून तिला वगळलं. गिटार आणि रील्सवरून टोमणे तर चालूच असायचे : खेळाकडे लक्ष द्या जरा! ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा केल्या, भारताने ३३९ चं लक्ष्य गाठलं. आणि एका रात्रीत तीच गिटार कौतुकाची झाली. मुलगी तीच, गिटार तीच. बदलला तो फक्त धावफलक.

म्हणजे आपण चिंध्या आधी ओळखतच नाही. निकाल लागला की मागे वळून नाव ठेवतो. जिंकली तर 'अष्टपैलू', हरली तर 'लक्ष नव्हतं'. हा न्याय नव्हे, निकालपत्रावर मारलेला शिक्का आहे.

एकाग्रतेचं महत्त्व मला मान्य आहे. दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि जेमिमालाही शेवटी एक खेळ निवडावा लागलाच. पोपटाचा फक्त डोळा दिसणारा अर्जुन आपल्याला लहानपणापासून सांगितला जातो. पण त्याच अर्जुनाने नृत्य-संगीत शिकून घेतलं होतं, आणि अज्ञातवासात बृहन्नडा होऊन उत्तरेला शिकवताना तेच कामी आलं, हे सांगायचं राहून जातं. बाण सोडताना फक्त डोळा दिसायला हवा. जन्मभर फक्त डोळाच दिसत राहिला, तर तो आजार म्हणायचा.

माझ्यापुरती कसोटी मी ठरवली आहे. दुसरी गोष्ट पहिलीपासून पळवाट आहे का? पुस्तक अवघड गेलं म्हणून मैदानावर जाणं ही पळवाट. पुस्तक मिटून, मन लावून खेळायला जाणं ही पळवाट नव्हे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे फरक ज्याचा त्यालाच कळतो. म्हणूनच खो-खोच्या त्या दोन तासांचा हिशेब मागायचा अधिकार त्या मुलीशिवाय कुणालाच नाही. तिचा निकाल लागल्यावर तर मुळीच नाही.