आधी नदीवर जाऊन या

लावलीत सगळ्यांनी पोस्टरं? आता मागे सरका. पार मागच्या भिंतीला पाठ टेका आणि तिथून मला वाचून दाखवा.

येत नाही ना वाचता? हिरव्यावर पोपटी, आणि अक्षर केसाएवढं बारीक. लोक हे केएमटी बसच्या खिडकीतून बघणार आहेत, धावत्या गाडीतून. हे तुम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंय.

पण अक्षराचं नंतर बघू. विषय काय दिला होता? पंचगंगेचा पूर. आणि तुम्ही आणलंत काय? निम्म्याहून जास्त जणांनी ओंजळीत पृथ्वी धरली आहे. तिघांनी वितळत्या बर्फावर पांढरं अस्वल उभं केलंय. बाकीच्यांचं एक रोप, एक थेंब, आणि खाली 'निसर्ग वाचवा'. कोणी वाचवायचा? कुठला? उद्या सकाळी उठून करायचं काय? पोस्टर यातलं काहीच सांगत नाही, कारण ते करणाऱ्यालाच ठाऊक नाही. फुकटचं चित्र उतरवून घेतलंत आणि त्यावर चार शब्द ठेवलेत. हात तुमचे चांगले आहेत, म्हणूनच मला राग येतोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही शाळेत होतात. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. या वर्गातल्या कोणाकोणाच्या घरात पाणी शिरलं होतं ते मी जाणते. जिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तिनंच अस्वल काढलंय. बाळ, तुमच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. ती सोडून तू उत्तर ध्रुवावर का गेलीस?

एड हॉकिन्स नावाचे इंग्लंडमधले हवामानशास्त्रज्ञ आहेत. २०१८ मध्ये त्यांनी नुसते उभे पट्टे काढले. एका वर्षाला एक पट्टा. थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. आकडा नाही, शब्द नाही. डावीकडून उजवीकडे नजर गेली की शाळकरी पोरालाही कळतं काय झालंय ते. साधं दिसतं म्हणून सोपं समजू नका. त्यामागे दीड शतकाहून जास्त काळाची तापमानाची मोजणी आहे. आधी मोजणी झाली, मग रंग आला. तुम्ही रंगापासून सुरुवात केलीत.

आपल्याकडेही मोजणी आहे. जलसंपदा खातं नदीकाठाला दोन पूररेषा आखतं. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची. रंगसुद्धा ठरवून दिलेत! पण त्या रेषा नकाशावर आहेत. विजेच्या खांबावर, जिन्याच्या पायरीवर, दुकानाच्या शटरवर त्या कोणी उतरवायच्या? नदीकाठी भाड्यानं घर बघायला आलेल्या माणसाला खांबावर डोक्याच्या वर रेघ दिसली, तर तो घरमालकाला चार प्रश्न विचारेल. नदी चढली की जयंती नाला मागे फुगतो आणि पाणी सुतारवाड्यात शिरतं, हे तिथल्या आज्जींना तोंडपाठ आहे. कितव्या फुटाला गादी वर टाकायची, कितव्या फुटाला घर सोडायचं, तेही. नव्यानं आलेल्या बिऱ्हाडाला बातम्यांतला '४१ फूट' हा नुसता आकडा असतो. त्या आकड्याला अर्थ देणं हे तुमचं काम, त्यासाठी तुम्ही इथं शिकताय.

आणि कोपऱ्यात ते रिसायकलिंगचं तीन बाणांचं चिन्ह कशाला? १९७० मध्ये गॅरी अँडरसन या २३ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं ते एका स्पर्धेसाठी काढलं. उत्तम चिन्ह. १९८८ मध्ये तिथल्या प्लॅस्टिक उद्योगानं तसाच बाणांचा त्रिकोण घेतला आणि आत आकडे घातले. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. लोक मात्र समजतात, हा डबा वितळवून नवा होणार. चिन्हानं लोकांची फसगत होते ती अशी. अर्थ तपासल्याशिवाय यापुढे एकही खूण कागदावर ठेवायची नाही.

आणि कागद तरी कुठाय? हा फ्लेक्स आहे. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. दोन पावसांत फाटून ते त्याच जयंती नाल्यात जाऊन पडेल.

उतरवा सगळी. फेकायची नाहीत, पाठची बाजू कच्च्या कामाला घेऊ. उद्या सकाळी सातला पंचगंगा घाटावर या. टेप, खडू, वही. प्रत्येकानं एका घरात जायचं, चपला बाहेर काढायच्या, परवानगी मागायची, भिंतीवरची रेघ जमिनीपासून मोजायची आणि ती कुठल्या सालची ते विचारून लिहून घ्यायचं. आठवडाभर लॅपटॉप उघडायचा नाही.

बाळ, तू घाटावर येऊ नकोस. घरीच थांब. आईला विचार, पाणी किती वाजता आत आलं आणि तिनं सगळ्यात आधी काय उचललं. तेवढं लिहून आण.