नको असलेलं सोबत येतं

मायलोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशंटच्या रक्तातून स्टेम सेल गोळा करणं हे माझं रोजचं काम. मशीनमध्ये गरगर फिरताना रक्ताचे थर लागतात: तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला, प्लाझ्मा आत, मध्ये पांढुरका पातळ थर. स्टेम सेल त्याच थरात आणि प्लेटलेट्स त्यांना अगदी खेटून. तीन-चार तासांत अंगातलं रक्त दोन-तीनदा मशीनमधून जातं आणि कुणी न मागितलेल्या प्लेटलेट्सही पिशवीत येतात. सकाळी 1 लाख 10 हजार असलेला काउंट संध्याकाळी 70 हजारांवर. धडधाकट दात्याला एवढं सहज पचतं. केमो झालेल्याची मज्जा आधीच दमलेली असते.

मी सांगलीकडच्या जैन घरातली. आजी पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नसे. त्यामुळे असेल, प्रश्न डोक्यातून जात नाही: जे करायचं नव्हतं पण होणार हे ठाऊक होतं, त्याचा दोष कुणाच्या पदरी?

तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना हेतू आणि हेतूबाहेरचा परिणाम वेगळे काढले. युक्तिवाद बिनतोड, पण मला जरा सोयीचा वाटतो. आमच्याकडे तो हेतूबाहेरचा परिणाम संमतीपत्रावर आधीच छापलेला असतो! जैन परंपरेतलं उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र मात्र असं सुटू देत नाही. बेसावधपणे प्राणांना केलेली इजा म्हणजे हिंसा, असं ते सांगतं. म्हणजे मन स्वच्छ होतं एवढ्यावर भागत नाही, लक्ष कुठे होतं तेही पाहायचं. प्लेटलेटला जीव कुणी म्हणणार नाही. पण प्लेटलेट्स कमी पडून ज्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागेल, त्या माणसाला आहे.

लक्ष ठेवूनही नुकसान शून्यावर येत नाही. थर फिका खेचला की प्लेटलेट्स जास्त जातात, गडद खेचला की तांबड्या पेशी घुसतात. किलोमागे निदान 20 लाख स्टेम सेल जमल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्याच उतरलेल्या काउंटवर पुन्हा मशीन. तेव्हा आजीचं फडकं आठवतं. गाळूनही पाण्यात काहीतरी राहतंच, हे तिला माहीत होतं, तरी ती गाळायची.

रक्त मशीनमध्ये नेणारं मानेतलं जाड कॅथेटर काढायची घाई नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी असते. “ताई, काउंटचा सकाळचा रिपोर्ट आहे ना?” मी म्हणते, तो मशीन लावण्याआधीचा. नवा येऊ दे, मग काढू. रिपोर्टला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात माझ्यावर वैतागणाऱ्यांत पेशंटही असतो.