भेंडी जून होण्याआधी



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

भावार्थ : यज्ञाने संतुष्ट झालेले देव आपल्याला हवं ते देतात. पण त्यांनी दिलेलं त्यांना अर्पण न करता जो एकटाच भोगतो, तो चोर होय.

'चोर' हा शब्द जरा जास्तच कडक आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. या मे महिन्यात वाटेनासा झाला. का, ते सांगतो.

सध्या मी गोरेगावला, म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला, घरूनच काम करतोय. घरामागे वाडी आहे. भेंडी, चवळी, वांगी, मांडवावर दोडका. विहिरीला पाणी कमी, म्हणून मी ठिबक बसवलं, मोटरला टायमर लावला. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार! आपल्या हातची भाजी बघून सावता महाराजांची आठवण यायची. अरणच्या त्या माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. आपलंही तसंच चाललंय, असं वाटून मी मनातल्या मनात खूश होतो.

नवतपा सुरू झाला आणि शेजारच्या आजींची बोअर आटली. सकाळी त्या दारात आल्या. "बाबू, दोन गुंड पानी नेऊ का?"

मी कॉलवर होतो. म्हटलं, "आजी, आत्ता नको. झाडांना पाणी चालू आहे. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी त्या आल्या नाहीत. मलाही आठवण राहिली नाही.

त्यानंतर आमचं रिलीज आलं. पाच दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही. आईचा गुडघा दुखत होता, तीही वाडीत गेली नाही. टायमर मात्र रोज वेळेवर चालत होता. सहाव्या दिवशी टोपली घेऊन गेलो, तर भेंड्या वीतभर लांब आणि लाकडासारख्या. टोक मोडून पाहिलं, मोडेना. आणि झाडावर फूल एखादंच.

आईला विचारलं, "पाणी तर बरोबर दिलं होतं, मग फुलं का नाहीत?"

ती म्हणाली, "तोडली नाहीस ना तू. बी धरलं की झाडाला वाटते, आपलं काम झालं."

शास्त्रही हेच सांगतं. फळ झाडावरच पिकू दिलं की झाडाची ताकद बियांकडे जाते, नवी फुलं कमी होतात. म्हणून भेंडी एक दिवसाआड तोडायची असते. तोडून देत राहिलं तरच ती येत राहते.

टोपलीतल्या त्या जून भेंड्यांकडे बघत उभा होतो, आणि हा श्लोक आठवला. आजींना नाकारलेलं पाणी या भेंड्यांत गेलं होतं. ते ना आजींच्या घागरीत पडलं, ना आमच्या ताटात. विहिरीतलं पाणी तरी माझं कुठे होतं? पाऊस मी पाडला नव्हता. पुढे १४व्या श्लोकात भगवंत हेच चक्र सांगतात : अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस. ते चक्र मी माझ्या अंगणात अडवून धरलं होतं. सावता महाराजांनी मळ्यात विठ्ठल पाहिला. मी वाडीत फक्त माझी भाजी पाहत होतो. दारात उभा असलेला विठ्ठल मला दिसलाच नाही.

जून भेंड्या सगळ्या कापून टाकल्या. कोवळी चवळी आणि दोन दोडके घेऊन आजींकडे गेलो. माफी कशी मागावी कळेना. काहीतरी पुटपुटलो. त्यांनी भाजी सुपात ठेवली आणि एवढंच विचारलं, "पानी कवा नेऊ?"

आता सकाळचं पहिलं पाणी आजींच्या गुंडात जातं, नंतर ठिबक. भेंडीला पुन्हा पिवळी फुलं आली आहेत.

तुमच्याकडे कदाचित वाडी नसेल, पुण्या-मुंबईत गॅलरीही नसेल. पण आपल्याकडे वाढत असलेलं, आणि वेळेत न दिल्यामुळे जून होत चाललेलं, काहीतरी असेलच. आज ते कोवळं असतानाच तोडा आणि कुणाच्या तरी दारी पोहोचवा.

उद्या श्लोक १३ वाचू.

जय हरी विठ्ठल!