व्हळी किती मोठी रचावी?

आम्ही जैन, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला अशी कितीतरी घरं आहेत, त्यामुळं इकडं कुणाला त्याचं नवल नाही. परगावचा माणूस मात्र विचारतो, मुंगीला जपणारे तुम्ही, विळा कसा चालवता?

शास्त्रात उत्तर आहे. हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी. श्रावकानं ती पूर्ण सोडायची. पोटापाण्याच्या धंद्यात घडते ती उद्योगी; गृहस्थाला ती टळत नाही, होईल तेवढी कमी करायची. चातुर्मासात मुनी विहार थांबवतात, कारण हिरव्या गवतावर आणि त्यातल्या बारीक जिवांवर पाय पडतो. ज्या हिरव्यावर ते पाऊल ठेवत नाहीत, त्यातच मी कापणीला बसतो. त्यामुळं 'उद्योगी' म्हणून मोकळं होणं मला जड जातं.

कमी करायची म्हणजे काय, ते माळावर कळतं. गवताचा वाढीचा कोंब बुडाशी असतो. चार बोटं बूड राखून कापलं तर ते पुन्हा फुटतं, खरवडून घेतलं तर ठोंब मरतो. आमच्या माळावर मारवेल आणि कुसळी आहे. कुसळीला कुसळं धरायच्या आत कापावं लागतं, नाहीतर ती जनावराच्या तोंडात रुततात. फुलोऱ्यात कापलं तर पाल्यात कस असतो. बी गळेपर्यंत थांबलं तर नुसत्या काड्या उरतात. म्हशीचं हित एकीकडं, गवताच्या वंशाचं दुसरीकडं. म्हणून आमच्या घरातले वडीलधारे आण्णा दर साली एक पट्टा तसाच सोडतात, त्याचं बी गळू देतात, पुढच्या साली दुसरा सोडतात. माझ्या लेखी हे व्रतच आहे.

अष्टमी-चतुर्दशीला आमच्या घरात हिरवी भाजी चिरत नाहीत. आण्णा त्या दिवशी हिरवा चाराही कापत नाहीत, म्हशींना सुक्या गवताच्या पेंढ्या सोडतात. हिरवं ते सचित्त, म्हणजे सजीव; वाळलेलं ते अचित्त. पण ते सुकं गवतही दिवाळीच्या सुमारास मीच हिरवं कापलेलं असतं. हिंसा टळली कुठं, ती नुसती आधी उरकली, असं मी एकदा आण्णांना म्हणालो. ते म्हणाले, "आधी उरकली म्हणजे मोजता आली. रोज कापणारा मोजत नाही."

त्या मोजण्यानंच मला खऱ्या प्रश्नापाशी आणलं. विळ्याइतकाच विचार व्हळीचा, म्हणजे सुक्या गवताच्या गंजीचा, करायला हवा. साखर कारखान्याचा हंगाम संपला की उसाचं वाडं बंद होतं. तिथून पावसाळी चारा येईपर्यंत सुक्यावर भिस्त. एका म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो धरलं, तर आमच्या दोन म्हशींना दीड टन पुरतं. परिग्रह-परिमाण व्रत सांगतं, आपली मर्यादा ठरव आणि तिथं थांब. मग तीन टनांची व्हळी रचणारा, कितीही हळू हातानं कापो, निम्मं गवत लोभापायी कापतो. म्हणून उरलेलं गवत आण्णा ज्येष्ठातच गरजूंना वाटून टाकत.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला. शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात गेली, जनावरं उंचावर हलवावी लागली. आमच्या माळावरही दावणी लागल्या. ऊस पाण्याखाली, हिरवा चारा कुजलेला. परिमाण पाळणाऱ्या आमच्या घरात त्या दिवशी देण्याजोगी चार भारे वैरणही नव्हती. मुकी जनावरं समोर हंबरत असताना परिमाण पाळल्याचं समाधान मला मिळालं नाही.

व्रत खोटं आहे, असं मी मानत नाही. मर्यादा 'माझं' म्हणण्याला आहे. जे मी माझं म्हणतच नाही, ते माझ्या परिमाणात कसं धरायचं? तेव्हापासून माळाच्या वरच्या अंगाला एक वेगळी व्हळी रचतो. आमच्या म्हशी उपाशी राहिल्या तरी तिला हात लावायचा नाही, विकायची नाही. गवत खडखडीत वाळवूनच रचतो. ओलं राहिलं तर आत तापून बुरशी धरतं.

आण्णांना हे पटलेलं नाही. पूर आला नाही तर पावसाळ्याअखेर ती काळी पडते आणि उकिरड्यात जाते. तेवढे जीव विनाकारण गेले, असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. यंदा ती निम्म्यानं लहान रचायची, एवढ्यावर आमचं जमलं आहे.