गती टिकते कशामुळे?

ढकलले की खेळणे सरकते, हात काढला की थांबते. हा अनुभव मुलाला शाळेत येण्याआधीच असतो आणि त्यातून ते एक नियम मनाशी बांधते: वस्तू हलती ठेवायची तर बल सतत लावावे लागते. हा नियम चुकीचा आहे, पण तो सोडायला जगातल्या मोठमोठ्या विचारवंतांनाही सुमारे दोन हजार वर्षे लागली.

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने गतीचे दोन प्रकार मानले. दगड खाली पडतो, धूर वर चढतो, ही नैसर्गिक गती. गाडी ओढली तरच चालते, ही लादलेली गती. तिला ढकलणारा किंवा ओढणारा सतत हवाच. या मांडणीत बाणाची अडचण होती. धनुष्यातून सुटल्यावर त्याला कोण ढकलते? ॲरिस्टॉटलचे उत्तर होते, भोवतालची हवा.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने हे उत्तर नाकारले. हवा तर गतीला अडवते. त्याच्या मते फेकणाराच वस्तूत प्रेरणा भरतो. भारतात वैशेषिक दर्शनानेही बाणाचा विचार केला होता: त्याची पहिली हालचाल धनुष्याच्या रेट्याने होते आणि पुढची त्याच्यात उपजलेल्या ‘वेग’ नावाच्या संस्काराने. चौदाव्या शतकात पॅरिसमधील जाँ ब्युरिदानने आणखी पुढचे पाऊल टाकले. वस्तूतील द्रव्य आणि तिचा वेग जितका जास्त तितकी ही प्रेरणा जास्त, आणि विरोध झाला नाही तर ती संपत नाही, असे त्याने मांडले. तरीही गती टिकवणारे काहीतरी लागते, ही मूळ समजूत कायम होती.

गॅलिलिओने प्रश्नच उलटा केला. समोरासमोर ठेवलेल्या दोन उतारांपैकी एकावरून गोळी सोडली, तर ती दुसऱ्यावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसऱ्या उताराचा चढ कमी केला, की ती उंची गाठायला तिला अधिक लांब जावे लागते. चढच उरला नाही आणि घर्षणही नसले, तर तिने थांबावे कशाला? आता स्पष्टीकरण हवे होते ते चालण्याचे नव्हे, थांबण्याचे. 1644 मध्ये देकार्तने अशी अबाधित गती सरळ रेषेत असते असे स्पष्ट केले. 1687 मध्ये न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त त्याला नियमाचे रूप दिले: बाहेरून बल लागले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. बलाचे काम गती टिकवणे नसून ती बदलणे, म्हणजे वेग वाढवणे, कमी करणे किंवा दिशा वळवणे, हे ठरले.

नियम पुस्तकात आला, तरी जुनी समजूत मनातून गेली नाही. 1980 मध्ये अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वळणदार नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा मार्ग काढायला सांगितला. अनेकांनी तो नळीबाहेरही वळणदारच काढला. प्रत्यक्षात बाजूने ढकलणारी नळीची भिंत संपताच गोळी सरळ जाते.

प्राथमिक वर्गासाठी यातून एक क्रम सुचतो. ‘ढकलणे आणि ओढणे म्हणजे बल’ एवढ्यावर धडा थांबला, तर मुलाची आधीची समजूत अधिकच घट्ट होते. म्हणून घर्षणाची ओळख लवकर व्हावी. कॅरमची सोंगटी पावडर न टाकता आणि टाकून सारख्याच जोराने टिचकावली, तर पावडरीवर ती लांब जाते. बोट तर दोन्ही वेळा सुटलेलेच असते. बदलतो तो फक्त अडथळा. यापुढचा प्रश्न मुलांनाच विचारता येतो: अडथळा आणखी कमी केला तर? त्याचे उत्तर शोधताना मूल गॅलिलिओच्याच तर्काने जाते, आणि थांबण्यामागेही बल असते हे त्याला व्याख्या पाठ करण्याआधी उमगते.