डॉक्टर, हे कशासाठी?

‘डॉक्टर रागावतील’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोललं जातं की त्यामागची भीती कुणाच्या ध्यानातही येत नाही. नव्या गोळीने पोटात जळजळ होते, पण ते सांगायचं राहून जातं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटतं, पण पहिल्यांना कळलं तर? दवाखान्याच्या बाकावर बसलेली आजी सोबतच्या नातवाला आधीच बजावते, ‘आत गेल्यावर फार विचारत बसू नकोस.’ गळ्यातली डोरली गहाण टाकताना सावकाराला चार प्रश्न विचारणारी बाई गर्भाशय काढायच्या संमतीपत्रावर न वाचता अंगठा उमटवते. हे आदरापोटी होतं, असं आपण म्हणतो. मला ते मान्य नाही. ज्याच्याविषयी आदर असतो त्याला आपण मोकळेपणाने विचारतो. विचारायची भीती वाटते ती ज्याच्या हातात आपलं काही अडकलेलं असतं त्याची, आणि रुग्णाचं तर सगळंच अडकलेलं असतं.

डॉक्टरांवर अविश्वास दाखवा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. आजाराचं ज्ञान डॉक्टरांना असतं. तो आजार घेऊन कसं जगायचं आहे, कशासाठी किती सोसायची तयारी आहे, घरात कोण आहे, हातात पैसे किती आहेत, हे रुग्णालाच ठाऊक असतं. ही दोन्ही समोरासमोर आली तरच निर्णय धड होतो.

१९९५ साली दिल्लीत एक चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री मासिक पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायला तिने संमती दिली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २००८मध्ये निकाल लागला. रुग्ण सज्ञान आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही. अशा वेळी आईची संमती ही मुलीची संमती होऊ शकत नाही आणि तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. काय करणार, कशासाठी, दुसरे उपाय कोणते, धोके कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे सारं रुग्णाला कळलं पाहिजे. या निकालातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की डॉक्टरांनी हे वाईट हेतूने केलं, असं न्यायालय म्हणालं नाही. हेतू चांगला होता, तरीही ते चुकीचं होतं. आपल्याकडे वडीलधारे, शिक्षक, नेते, डॉक्टर सगळ्यांचा बचाव याच एका वाक्यावर उभा असतो की आम्ही तुमच्या भल्यासाठीच केलं. ज्याचं भलं करायचं त्याला विचारायचं मात्र राहून जातं.

कागदावर रुग्णाच्या बाजूने बरंच काही आहे. आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६मध्ये मान्य केला. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली, आणि जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत बदल करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात लावणं बंधनकारक केलं. पुढच्या वेळी जाल तेव्हा ते कुठे लावलंय ते पाहा. दिसलं नाही, तर स्वागतकक्षात विचारा. सुरुवात करायला हा प्रश्न सोपा आहे.

अवघड प्रश्नांची किंमत काय असते, ते र. धों. कर्व्यांनी मोजलं होतं. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अंकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेली असत. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल, घरात ज्याचा उच्चारही करता येत नव्हता अशा कितीतरी गोष्टींबद्दल लोक त्यांना विचारत. १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला, तो या उत्तरांवरूनच. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण गुन्हा कशाला ठरवलं गेलं ते नीट पाहा. कुणी शरीराविषयी शंका विचारली आणि एका माणसाने तिला सरळ उत्तर दिलं, एवढंच घडलं होतं.

कर्वे मला जवळचे वाटतात ते आणखी एका कारणाने. जे लोकांना सांगितलं ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात केलं. मूल होऊ न देण्याचा निर्णय त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी घेतला आणि शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. त्या गोष्टीला आता शतक होत आलं. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषावरची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची, हे सगळ्यांना माहीत असूनही हे असं आहे. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही ‘तिचंच करून टाकू, बाळंतपणात सोबतच होईल’ हे मी ऐकलं आहे. ‘तिचंच का?’ हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता, तिनेसुद्धा नाही.

ती का विचारत नाही, याचा काही उलगडा गडचिरोलीत झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या स्त्रिया तर सगळेच मोजतात. यांनी गावातच जाऊन तपासलं. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झालं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोट दुखणं हे त्यांच्या लेखी आजार नव्हतेच, बाईचा जन्म म्हणजे असंच. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धोरणकर्त्यांना दिसत होतं. बंग दांपत्याने त्या समजुतीला आव्हान दिलं ते गावात बसून, मोजून. पुढे नवजात बाळांच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. आजारी तान्ह्या बाळावर उपचार रुग्णालयातच होऊ शकतात हा समज होता. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी उपचार पोचवले, शेजारच्या गावांशी तुलना केली, आणि बालमृत्यू किती घटले ते जगापुढे मांडलं. प्रस्थापिताला प्रश्न करायचा तर तो असा. आवाज चढवून नव्हे, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तर ते स्वीकारायच्या तयारीने.

आता बीडकडे येते. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मराठवाड्यातले ऊसतोड कामगार गाव सोडून कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतील. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती हंगामभर राबून फेडायची. पहाट व्हायच्या आत फडात उभं राहायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायच्या. खोपीला ना न्हाणी ना संडास. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. एक दिवस अंग टाकलं की खाडा धरला जातो. मजुरी तर बुडतेच, वर दंड. २०१९मध्ये इथल्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण किती आहे ते बाहेर आलं आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत जवळजवळ १४ हजारांचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि त्यांना सांगितलं गेलं, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायची?

वसा-अमिर्झातली तीच दुखणी ही. त्यांतली बहुतेक औषधाने, स्वच्छ पाण्याने, थोड्या विश्रांतीने आटोक्यात येणारी. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले, तर बाईला ऐन तरुणपणीच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. त्यातच पुन्हा मोळ्या. शिवाय शस्त्रक्रियेसाठी काढलेलं कर्ज, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी मोठी उचल. ‘पिशवी काढली नाही तर काय होईल? दुसरा उपाय आहे का?’ हे दोन प्रश्न त्या खोलीत विचारले गेले असते तर कितीतरी जणी वाचल्या असत्या. पण अशा लेखांत आपण हमखास इथेच थांबतो, त्या बाईला ‘तू विचारायला हवं होतंस’ असं सुचवतो. हा अन्याय आहे. ती काय विचारणार? खाडा पडू नये, म्हणून पाळीच नको, असंही तिला वाटायचं. त्या हिशेबात ती स्वतः सामील होती, कारण तो हिशेब तिच्यापुढे दुसऱ्यांनी मांडून ठेवला होता.

डॉक्टरांची बाजूही मला ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागते, एकेका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, निवासी डॉक्टर रात्रभर जागलेला असतो. त्याने कुणाला काय समजावून सांगायचं? आणि मग एखादा रुग्ण दगावला की नातेवाइकांचा जमाव त्याच्यावर धावून जातो. हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१०मध्ये कायदा केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. ‘काही विचारू नकोस’ म्हणणारे आणि हात उगारणारे नातेवाईक बऱ्याचदा एकच असतात, हे मला फार अस्वस्थ करतं. आठवडाभर गप्प राहून साठलेलं सगळं शेवटी मारहाणीतून बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशीच कुणी शांतपणे ‘आईची तब्येत नेमकी कशी आहे?’ असं विचारलं असतं आणि त्याला तितकंच शांत उत्तर मिळालं असतं, तर ती वेळ आली नसती.

आणि ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न आपण आपल्या आवडत्या उत्तरांनाही विचारला पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या ‘किडनीला घातक’ म्हणून बंद करणारा माणूस मोबाइलवर आलेल्या चूर्णाबद्दल एक शब्दही विचारत नाही. तो स्वतःला बंडखोर समजतो, पण त्याने फक्त मालक बदललेला असतो.

बीडमध्ये पुढे काय झालं? खासगी रुग्णालयात गर्भाशय काढायचं असेल तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम करण्यात आला. बेबंद शस्त्रक्रियांना आवर घालायला काहीतरी हवंच होतं, म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण यात बाई कुठे आहे? आधी तिच्या शरीराचा निर्णय खासगी डॉक्टर घेत होता, आता एक सरकारी अधिकारी घेईल. तिला खरंच शस्त्रक्रियेची गरज असेल तरी ती वाट पाहणार, नसेल तरी तिच्याशी कुणी बोलणार नाही. दुखणं तसंच, फड तोच, खाडाही तोच.

विचारायला वेळ लागतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला एक दिवस लागतो, औषधाचा गुण येतो का ते बघायला महिनाभर थांबावं लागतं. नोकरदार बाई रजा टाकते आणि थांबते. ऊसतोड करणाऱ्या बाईला एकेका दिवसाचे पैसे भरावे लागतात, म्हणून ती एकदाच काय ते कापून घेते. तिच्यासाठी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावून भागणार नाही. आधी खाडा बंद झाला पाहिजे, आजारपणाच्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे, फडाजवळ पाणी, संडास आणि तपासायला येणारी स्त्री-डॉक्टर हवी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचं सरकारने ठरवलं आहे. त्या पैशातून आजारी कोयत्याची मजुरी का दिली जात नाही, हे आपण साखर खाणाऱ्यांनी आपापल्या आमदाराला, कारखान्यांच्या संचालकांना आणि महामंडळाला या हंगामातच लेखी विचारायला हवं, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहायला हवं.